बिडकीनहून जाणारे, बिडकीनला येणारे

दसरा-दिवाळीच्या सुमारास पैठण तालुक्यातल्या बिडकीन आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत पत्रे, भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी आणि लेकरे कोंबून बिऱ्हाडे सांगली-कोल्हापूरकडे किंवा त्याही पलीकडे कर्नाटकात जातात. त्यानंतर थोड्याच दिवसांत छटपूजा उरकून उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार परततात आणि पैठण रस्त्यालगतच्या भाड्याच्या खोल्या पुन्हा भरतात. एक स्थलांतर इथून सुटते, दुसरे इथे येऊन थांबते.

या दोघांची तुलना आपण रोज ऐकतो. ठेकेदार म्हणतो, परप्रांतीय मेहनती, आपली पोरे आळशी. चहाच्या टपरीवर याच्या उलट ऐकू येते की त्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या. दोन्ही वाक्ये सोयीची आहेत. आपली माणसे आळशी असती तर पहाटेच्या थंडीत फडात उतरून, उसाची मोळी डोक्यावर घेऊन, गाडीला लावलेल्या फळीवरून चढली नसती. तेव्हा स्वभाव बाजूला ठेवून दोघांच्या कामाच्या अटी काय आहेत, ते पाहू.

बिडकीनमध्ये काय उभे राहते आहे

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधले ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर शेंद्रा आणि बिडकीन अशा दोन तुकड्यांत आहे. एकूण सुमारे दहा हजार एकर, त्यातले जवळपास आठ हजार एकर एकट्या बिडकीन भागात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण केले. टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी ही नावे त्याच वर्षी चर्चेत आली. जमिनीला एकरी २३ लाखांचा भाव मिळाला आणि त्या पैशांतून बंगले, गाड्या, दुकाने उभी राहिली.

पण मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो. त्याच शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. जमीन गेली तसे तिचे कामही गेले. तिच्यापुढे दोन वाटा उरतात, बांधकामावर हेल्पर म्हणून जाणे किंवा उचल घेऊन फडावर जाणे.

उचलीचा हिशेब

ऊसतोडीत मजुरी कामाच्या आधीच हातात पडते. टोळी जमवणारा मुकादम उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर उचल देतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, बियाणे अशा कशात तरी ती खर्च होते आणि हंगामभर ती फेडत राहायची. उचल एका माणसाच्या नावावर नसते, नवरा-बायकोच्या जोडीवर असते. त्या जोडीला कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता.

जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांत करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. वाढ मोठी आहे, यात वाद नाही. आता एका कोयत्याने लाख रुपये उचलले असे धरा. ३६६च्या दराने ते फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. धडधाकट जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते, म्हणजे १३७ दिवस झाले. साडेचार महिने. हंगामही बहुधा तेवढाच असतो. अवकाळी पाऊस झाला, गाडी चिखलात फसली, बाई आजारी पडली, तर बाकी पुढच्या सालावर जाते आणि पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. गैरहजेरीला खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापतात. हातखर्चासाठी उसाचे वाढे विकून जे मिळेल तेवढेच.

दोन टनांचे ७३२ रुपये दोघांत वाटले तर माणशी ३६६ रुपये पडतात, तेही पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंतच्या कामाचे. स्वयंपाक, पाणी, लेकरे हा बाईचा वेळ यात धरलेलाच नाही.

खाडा टाळण्याची किंमत अंगावर कशी निघते, ते २०१९ साली बीड जिल्ह्यात उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोडणी करणाऱ्या महिलांचा प्रश्न तपासला. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे दर सहा जणींत एकीचे. कारणे अनेक असली तरी पाळी, पोटदुखी आणि गर्भपिशवीच्या तक्रारींसाठी सुट्टी न परवडणे हे त्यातले एक ठळक कारण आहे. कोयता जोडीचा लागतो म्हणून लग्ने लवकर उरकली जातात, असेही या भागात काम करणारे सांगत आले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होते, बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर.

महिन्याचा पगार, पण कोणाच्या पटावर

परप्रांतातून आलेल्या कामगाराचा हिशेब वेगळा असतो. त्याला मजुरी काम केल्यानंतर मिळते आणि काम पसंत नसेल तर तो शेजारच्या शेडमध्ये जाऊ शकतो. कारखाना नियमाने चालत असेल तर भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्याला राज्य विमा योजनेचा दवाखाना मिळतो. खर्च आवरण्यासाठी एका खोलीत चार-सहा जण राहतात, गावी पैसे मोबाइलवरून जातात. ओव्हरटाइम मिळाला तर त्याला आनंद होतो, कारण इथे त्याचे घर नाही, लग्नकार्य नाही, शेतीची अडचण नाही. ठेकेदाराला दिसणारी ‘मेहनत’ बऱ्याच अंशी हीच आहे. सांगलीच्या फडावर गेलेला पैठणचा माणूसही तितकाच राबतो आणि तिथले लोक त्याचे कौतुक याच शब्दांत करतात.

यालाही काळी बाजू आहे. तो बहुतेक वेळा ठेकेदाराच्या पटावर असतो, कंपनीच्या नाही. ठेकेदार बदलला की त्याची नोकरीची वर्षे पुसली जातात. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्या काळात मराठवाड्यातून येऊन कायम झालेले कामगार आणि आजचे ठेक्यावरचे कामगार यांत खरे अंतर आहे. पहिल्यांनी घरे बांधली, मुलांना डिप्लोमा, इंजिनिअरिंग शिकवले. दुसरे वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांत भाडे भरत आहेत. त्यांच्यात मराठी आहेत आणि बिहारीही आहेत. तुलना प्रांताची करायची की पटाची, हे इथेच ठरून जाते.

टाळेबंदीत दोघांचे काय झाले

२०२०च्या टाळेबंदीत दोन्ही गट एकाच वेळी अडकले. ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळावर होते, सुमारे एक लाख तीस हजार. त्यांच्या नावाने विधानसभेत बोलणारे आमदार होते, मंत्रीही होते. एप्रिलच्या मध्याला राज्य शासनाने स्वतंत्र आदेश काढला आणि तपासणी करून त्यांना गावी पोहोचवण्याची व्यवस्था झाली. व्यवस्थेत त्रुटी होत्या, पण आदेश तरी निघाला.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या मध्य प्रदेशातल्या मजुरांसाठी असा आदेश काढायला कोणी नव्हते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत निघाले. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांना मालगाडीने चिरडले. ते शहडोल आणि उमरिया या आदिवासीबहुल जिल्ह्यांतले होते. करमाड शेंद्र्याला लागून आहे, ऑरिकच्या पहिल्या तुकड्याच्या दारात.

म्हणून या तुलनेत एक सरळ विजेता मिळत नाही. परप्रांतीय कामगाराच्या हाती महिन्याचा पैसा आहे, पण इथे त्याचे मत नाही आणि नेताही नाही. ऊसतोड कामगाराला मत आहे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखा नेता मिळाला, त्यांच्याच नावाने कल्याणकारी महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर शासनाने घालायची असे ठरले. एवढा आवाज असूनही त्याची मजुरी उचलीतून सुटलेली नाही. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे, कारण तिथे ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणायची सोय कोणाला नाही.

कायद्याची सीमा

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. ठेकेदाराने परवाना घ्यावा, कामगाराला पासबुक द्यावे, प्रवासाचा आणि विस्थापनाचा भत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. ती किती पाळली गेली, ते वेगळे सांगायला नको. पण कागदावर तरी ठेकेदाराने बिहारहून बिडकीनला आणलेला माणूस त्यात बसत होता. पैठणहून कोल्हापूरला गेलेली जोडी त्यात बसत नव्हती, कारण तिने राज्याची हद्द ओलांडलेली नाही. तीच जोडी थोडे पुढे जाऊन बेळगाव जिल्ह्यात ऊस तोडू लागली की कायद्याच्या नजरेला दिसू लागते! हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे, व्याख्या थोडी रुंद झाली आहे, पण तिचा पाया अजूनही राज्याची हद्द हाच आहे.

रेशनच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे दुसऱ्या ठिकाणी धान्य उचलता येते. मात्र फडावरच्या तळापासून दुकान किती लांब आहे आणि अंगठा जुळतो की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

जर्मनीतले युगोस्लाव्ह आणि रोमानियन

असाच प्रश्न युरोपातही विचारला जातो. युगोस्लाव्हियातून आलेले आणि रोमानियातून आलेले, यांत कोण पुढे गेले? पश्चिम जर्मनीने १९६८ साली युगोस्लाव्हियाशी कामगार-भरतीचा करार केला. ते सरकारी करारावर आले, त्यांना जर्मन कामगाराइतका वेतनदर आणि विमा मिळाला. १९७३ साली भरती थांबली तेव्हा तिथे पाच लाखांच्या आसपास युगोस्लाव्ह कामगार होते. त्यांतल्या अनेकांनी कुटुंबे आणली आणि ‘पाहुणे’ रहिवासी झाले. नव्वदच्या दशकात त्याच देशाच्या फाळणीतून बोस्नियाचे निर्वासित आले. भाषा जवळपास तीच, पण त्यांना फक्त तात्पुरती मुभा होती. युद्ध संपल्यावर बहुतेकांना परतावे लागले. एकाच मुलखातल्या माणसांचे दोन वेगळे शेवट झाले ते कागदांमुळे.

रोमानिया २००७ साली युरोपीय संघात आला आणि २०१४पासून त्याच्या नागरिकांना जर्मनीत मोकळेपणी काम करता येऊ लागले. डॉक्टर-इंजिनिअर गेले, तसे शतावरीच्या शेतात हंगामी कापणीला आणि कत्तलखान्यांत उपठेकेदारामार्फतही लोक गेले. २०२०च्या एप्रिलमध्ये सगळी सीमाबंदी असताना शतावरीसाठी रोमानियन मजुरांना खास विमानांनी आणले गेले. त्याच वर्षी कत्तलखान्यांत साथ पसरली, तिथली दाटीवाटीची बिऱ्हाडे जगासमोर आली आणि जर्मनीने जानेवारी २०२१पासून मांसउद्योगाच्या मुख्य कामात ठेकेदारी पद्धत बंद केली. कामगाराला कंपनीने थेट पटावर घ्यावे, असा कायदा केला. मुकादमाशिवाय ऊस तुटणारच नाही असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

मुले कुठे शिकतात

स्थलांतराचा खरा निकाल दुसऱ्या पिढीत लागतो. रोमानियाच्या खेड्यांत आईबाप परदेशी आणि लेकरे आजी-आजोबांकडे, हे चित्र नेहमीचे झाले. आपल्याकडेही तेच आहे. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे निघाली आहेत. एकेकाळी छत्रपती संभाजीनगरच्याच ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायद्यानंतर मुलांना नेहमीच्या शाळेत घालावे हा विचार पुढे आला. विचार बरोबर होता, पण तळ गावाबाहेर असतो आणि नोव्हेंबरात आलेल्या मुलाला वर्गात बसवून घ्यायला शाळा राजी असतेच असे नाही. कोयता हातात घेण्याइतकी मुलगी मोठी झाली की शाळेचा विषय संपतो.

बिडकीनच्या खोल्यांत राहणाऱ्यांची मुले बहुतेक गावीच असतात. जे कुटुंबासह राहिले, त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत चटकन मराठी बोलू लागतात. अशा मुलाला दहावीपर्यंत इथेच टिकवले तर आयटीआयचे दार उघडते. त्याच वयाचे आपल्या तांड्यावरचे पोरही दहावीपर्यंत टिकले तर त्याच दाराशी येते. कारखान्याला लागणारा फिटर, वेल्डर या दोघांतूनच मिळणार आहे.

स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या, ही मागणी बिडकीनमध्ये पुन्हा पुन्हा होईल आणि ती रास्तही आहे. पण टक्का मोजताना ठेकेदाराच्या पटावरची हेल्परकी धरून चालणार नाही. आपापल्या गावच्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी विचारा. आपल्या गावचे किती जण कंपनीच्या पटावर आहेत आणि किती ठेकेदाराच्या? यंदा गावातून किती कोयते गेले आणि त्यांची मुले आज कोणत्या वसतिगृहात आहेत? ग्रामपंचायत अधिकाऱ्याने उत्तर इतिवृत्तात नोंदवले पाहिजे, तोंडी ऐकून घेऊ नका.