कारभाराची खुर्ची कोणाची?

संस्था ज्यांच्या हितासाठी चालते, तिचे सुकाणू त्यांच्याच हाती असावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. दि. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याला दिलेले उत्तर आजही मननीय आहे.

त्यापूर्वी, १९०६ साली, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनद्वारे मोलाचे कार्य उभारले होते. तथापि अशा संस्थांचे नेतृत्व प्रायः स्पृश्य हितचिंतकांकडे असे. नव्या सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशी प्रतिष्ठित मंडळी होती. मात्र प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे, तर चिटणीसपद सीताराम नामदेव शिवतरकर यांच्याकडे होते. १९२५ साली सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

अशा कार्यप्रमुखावर दुहेरी भार असतो. आश्रयदात्यांचा विश्वास टिकवायचा आणि आपल्या माणसांचा स्वाभिमानही जपायचा! परंतु वेदना ज्याने स्वतः सोसली, त्याला उपायांचा क्रम अचूक कळतो. रोग्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निदान होत नाही, हे वैद्यकव्यवसायी जाणतातच.

मंचेरियलच्या खाणपट्ट्यातील वस्त्यांसाठी आपण आरोग्य शिबिरे योजतो, तेव्हा त्या वस्तीतील व्यक्तीला केवळ सत्कारासाठी व्यासपीठावर न बोलावता कार्यकारिणीत मताधिकारासह स्थान द्यावे. हिशेबाची वही तिच्या हाती सोपविण्याइतका विश्वास दाखविणे, हीच खऱ्या सेवाभावाची कसोटी होय.