अक्कलदाढ काढल्यानंतरचे तीन दिवस

मागच्या दिवाळीत सुट्टी काढून रामपायलीला घरी आलो आणि नेमकी अक्कलदाढ ठणकू लागली. तेहतिसाव्या वर्षी अक्कल येतेय, म्हणून घरात सगळे हसले! हिरडीत आडवी रुतलेली दाढ गोंदियाला जाऊन काढली, टाके पडले आणि संध्याकाळी घरी परतलो.

सुजलेला गाल पाहून आजीने तव्यावर कापड गरम करायला घेतले. बाबा म्हणाले, "मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भर." दोन्ही उपाय चांगलेच, पण एक-दोन दिवस आधी होत होते. डॉक्टरांनी बजावले होते, पहिल्या दिवशी शेक नाही आणि चूळही नाही.

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. आतल्या हाडावरचे ते झाकणच. जोरात थुंकले, चूळ भरली किंवा स्ट्रॉने ओढले, तर ती निघू शकते. मग हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांत कानापर्यंत कळा जातात. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात.

म्हणून पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून 20 मिनिटे ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. झोपताना दोन उशा घ्यायच्या. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी भूल उतरण्याआधीच घ्यायची. मनाने ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढतो. जेवायला गार ताक, मऊ वरण-भात.

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाचे कोमट पाणी तोंडात हळूच फिरवायचे आणि तसेच सोडून द्यायचे. आजीचा शेक दोन दिवसांनी घेतला, तेव्हा आखडलेला जबडा मोकळा झाला.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, घाबरू नका. पण त्यानंतरही सूज किंवा दुखणे वाढले, ताप आला, पू दिसला किंवा रक्त थांबेना, तर डॉक्टरांना गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट दवाखान्यात जा.

पाचव्या दिवशी मी चंदन नदीकाठच्या मंदिरात जाऊन आलो.

आता बाबांची दाढ काढायची आहे. खरी काळजी खर्र्याची! तंबाखूमुळे जखम लवकर भरत नाही, शिवाय सतत थुंकणे आलेच. आठवडाभर खर्रा बंद, हे त्यांनी आजीसमोर कबूल केले आहे. आठवड्याचा महिना व्हावा, एवढीच आमची इच्छा.