एकांतवासी गणिती व अधिकारारूढ खातें

पदवीवांचून विद्वत्ता नाहीं असें मानणाऱ्यांनीं ऑलिव्हर हेविसाइड याचें चरित्र अवश्य पाहावें. लंडनमध्यें १८५० सालीं जन्मलेल्या व कानानें अधू असलेल्या या पुरुषाची शाळा सोळाव्या वर्षींच सुटली. तारायंत्राची नोकरीहि त्यानें १८७४ सालीं सोडली आणि आईबापांच्या घरीं दार लावून मॅक्सवेलच्या ग्रंथाचें अध्ययन मांडलें. मॅक्सवेलचीं वीस समीकरणें आज विद्यार्थी चारांत शिकतात, तें मुख्यतः याचें ऋण होय.

तारेचें स्वयंप्रवर्तन योग्य प्रमाणांत वाढविल्यास दूरध्वनीचा आवाज विकृत न होतां लांब जातो, हें त्यानें १८८७ सालीं गणितानें सिद्ध केलें. परंतु ब्रिटिश टपालखात्याचे विद्युत्-अधिकारी प्रीस यांचें मत नेमकें उलट! त्याच खात्यांत नोकरीस असलेल्या भावासह लिहिलेला त्याचा निबंध त्यांनीं परवानगी नाकारून अडविला. नोकरशाहीचा हा खाक्या केवळ आम्हां हिंदी लोकांसाठींच राखून ठेविलेला नव्हता, तर! पुढें ठराविक अंतरावर वेटोळीं बसविण्याच्या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत प्युपिननें १९०० सालीं मिळविलें व अपार द्रव्य जोडलें. कायदा अर्जदाराला ओळखतो, कल्पकाला नव्हे; आम्हां वकिलांस हें नवें नाहीं. हेविसाइड १८९६ पासून सालीना १२० पौंडांच्या सरकारी निवृत्तिवेतनावर राहिला. पहिलें फॅरडे पदक १९२२ सालीं त्यालाच मिळालें. तेव्हां त्याची सत्तरी उलटली होती.