रवणीतली अंडी वांझ का निघतात? कोंबड्याचे नातेगोतेही तपासा

खुडूक कोंबडीखाली डझनभर अंडी ठेवायची, २१ दिवस वाट पाहायची आणि पिल्ले निघायची चार-पाच. जुन्नर-आंबेगावच्या वाड्या-वस्त्यांवर असे झाले की दोष कोंबडीला, नाहीतर हवेला. कोंबड्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

घरच्या खुराड्यात आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असतो. तो विकला किंवा जत्रेत कापला की त्याचाच मुलगा गादीवर बसतो, पुढची पिल्ले बहीण-भावांची. अशा पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. एरवी झाकून राहणारे दोष मग उघडे पडतात. (पोल्ट्रीच्या शेडमध्ये हा प्रश्न नाही. तिथे पक्षी संकरित, आणि खायच्या अंड्यांना कोंबडा लागतच नाही.)

नराच्या बाबतीत हे दोष शुक्राणूंत दिसतात. झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यावरील प्रयोगात, बहीण-भावांच्या जोडीतून जन्मलेल्या नरांमध्ये विकृत शुक्राणू जास्त आढळले. त्यांचा पोहण्याचा वेगही कमी होता. म्हणजे तुरा लाल, बांग खणखणीत, तरी अंडे वांझ, असे होऊ शकते.

शेजारच्या गावातला कोंबडाही असाच नात्यातला असेल तर? तरीही फायदा होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये दोन बेटांवरच्या रॉबिन पक्ष्यांची अदलाबदल झाली. दोन्हीकडचे पक्षी आपापसात नात्यातलेच; पण दोष सहसा वेगवेगळे असतात. मिश्र जोड्यांतून जन्मलेल्या नरांचे शुक्राणू सुधारलेले आढळले.

आधी खात्री करायची तर सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्याला बॅटरी लावावी. शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू वाढतेय. लाल कडे दिसले तर गर्भ मेला. त्यामागेही नात्यातली पैदास असू शकते. अंडे स्वच्छ दिसले तर बहुधा फळलेच नाही. अशी अंडी बरीच निघाली तर कोंबड्यावर संशय घ्यावा. मात्र म्हातारा कोंबडा, कडक ऊन किंवा एका कोंबड्यामागे फार कोंबड्या, हीही कारणे असतात.

नवा कोंबडा आणल्यावर पंधरा दिवस वेगळा ठेवावा, राणीखेतची लस टोचून घ्यावी. जुना कोंबडा काढल्यावरही कोंबडीच्या शरीरात त्याचे शुक्राणू दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकतात. त्यामुळे नवा कोंबडा सोडल्यापासून तीन आठवडे अंडी खायला वापरावीत, रवणीला त्यानंतरची ठेवावीत.