कपाटाची पाठ आणि भिंतीचे खिळे

सुताराकडून नवं कपाट आलं की सगळे त्याचा पुढचा भाग न्याहाळतात. पाठीकडे कुणी बघत नाही. ती पातळ प्लायची फळी काढून कपाटाला बाजूने जरा ढकलून पाहा. चौकोन लगेच कलतो. फळी परत ठोकली की तेच कपाट गुमान ताठ उभं राहतं.

कारखान्यात बनणाऱ्या लाकडी भिंतींचं शास्त्र याच पाठीत आहे. अमेरिका-कॅनडात चारसहाशे मिलिमीटर अंतरावर उभ्या दांड्या, वर-खाली आडव्या पट्ट्या आणि त्यावर प्लायवूड, अशी भिंत टेबलावर आडवी पाडून जोडतात. मग ट्रकमधून नेऊन क्रेनने उभी करतात. भूकंप तिला बाजूने ढकलतो तेव्हा नुसती चौकट हतबल असते; जोर फळीच्या कडेच्या खिळ्यांवर येतो. म्हणून कडेला खिळे १५० मिलिमीटरवर, मध्ये मात्र ३०० वरही चालतात. भिंत आणखी भक्कम हवी? दांड्या जाड करण्याआधी कडेचे खिळे दाट करा. अर्थात लाकूड चिरणार नाही इतपतच.

खिळा पुन्हापुन्हा वाकतो, त्यातच धक्क्याची ऊर्जा जिरते. पण खिळे ठोकणाऱ्या हवेच्या बंदुकीचा दाब जास्त झाला की खिळ्याचं डोकं प्लायच्या वरच्या थरात रुततं. बाहेरून भिंत झकास दिसते, आत मात्र पकड गेलेली असते. मला तर वाटतं, तपासनिसाने पेन्सिलीआधी बोट फिरवावं: डोकं फळीशी सपाट लागलं पाहिजे.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात एका तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला चिरडून १६ जण गेले. गाड्यांसाठी खाली मोकळी जागा ठेवलेल्या इमारतींत भिंतीच कमी, मग कडा आणि खिळे कुठून येणार?

भिंत कलते तशी एका कोपऱ्यातून उचललीही जाते, म्हणून तिला पायाशी पोलादाने जखडावं लागतं. जुलै २००९ मध्ये जपानच्या मिकी शहरात सात मजली इमारत कंपन-टेबलावर हलवली. खालचा मजला पोलादी, वरचे सहा लाकडी. भिंतींच्या टोकांना मजल्यामजल्यांतून गेलेल्या सळया. धक्का नॉर्थरिजच्याच नोंदीतला, मुद्दाम वाढवलेला. थांबल्यावर दिसल्या त्या मुख्यतः आतल्या जिप्समच्या तक्त्यांवर, खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांत पडलेल्या भेगा.