दुकानाच्या दारातील सहाय्यक श्वान

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत दुकान, मोटेल किंवा उपाहारगृह चालवितात. एखाद्या दिवशी श्वानासह ग्राहक आत येतो आणि गल्ल्यावरील व्यक्ती ‘प्राण्यांना प्रवेश नाही’ या पाटीकडे बोट दाखविते. ती पाटी येथे लागू नाही. तेथील १९९० च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यानुसार प्रशिक्षित सहाय्यक श्वान हा पाळीव प्राणी मानला जात नाही. ग्राहकांना जेथे मोकळीक आहे तेथे तोही जाऊ शकतो, अन्नपदार्थांच्या दुकानातही.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १९२८ साली मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला. तिच्या भरवशावर त्याने न्यूयॉर्कमधील गजबजलेला रस्ता पत्रकारांसमक्ष ओलांडला. पुढच्या वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे ती आजही कार्यरत आहे. रस्ता काही क्षणांत ओलांडला गेला. दुकानांचे उंबरठे ओलांडण्यास मात्र अनेक वर्षे लागली.

श्वान कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावेत. अपंगत्वामुळे हा श्वान आवश्यक आहे काय? आणि कोणते काम करण्यास त्याला शिकविले आहे? आजार कोणता, दाखला कोठे आहे, काम करून दाखवा, असे म्हणता येत नाही. अंगावर विशिष्ट जाकीट असलेच पाहिजे असेही नाही. केवळ सहवासाने धीर देणारा श्वान या व्याख्येत बसत नाही. लबाडी करणारेही असतात, ही व्यापाऱ्याची तक्रार खोटी नव्हे. पण त्याचा उपाय श्वानाच्या वर्तनात आहे. तो अनावर झाला आणि मालकाने आवरले नाही, किंवा त्याने घाण केली, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. त्या व्यक्तीला मात्र माल द्यावाच लागतो. इतर ग्राहकांची भीती वा ॲलर्जी हे नकाराचे कारण होत नाही. जादा शुल्कही आकारता येत नाही.

आपली खरी अडचण निराळीच आहे. जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात मुक्या जनावरापुढे घास ठेवणे ही सहजवृत्ती होय. येथे ती आवरावी. बिस्किटाकडे लक्ष गेलेल्या श्वानाला पायरी सांगावयाची राहते, किंवा मधुमेही मालकाची उतरणारी साखर त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला हाक मारू नये, कुरवाळू नये. बोलावे ते माणसाशी, आणि मदतीचा हात विचारूनच पुढे करावा.

श्वानाला कामास जुंपणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार नव्हे काय, असे काही श्रावक विचारतील. तत्त्वार्थसूत्रात बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध असे पाच अतिचार सांगितले आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. तो आपण स्वतः श्वान बाळगताना स्वतःला विचारावा. दाराशी आलेल्या ग्राहकाला परतविण्यासाठी तो पुढे करू नये.

जिनालयाची गोष्ट वेगळी. धर्मसंस्थांना या प्रवेशनियमातून सूट असल्याने तेथील निर्णय संघाचा आहे. तो आधीच बैठकीत घ्यावा, एखादा अंध श्रावक पायरीशी उभा असताना नव्हे. श्वान बाहेर थांबणार असेल तर त्याच्याजवळ कोण बसेल आणि दर्शनासाठी त्या श्रावकाला हात कोण देईल, हेही त्याच बैठकीत ठरावे.