व्यासपीठावरून खाली उतरलेला उपदेशक

सभेपुढे उभे राहून ज्यास भगवंताविषयी बोलावयाचे आहे, त्याने आपल्या आसनाची योग्यता आधी ओळखावी, असे आमचे गुरुजन सांगत. आसन देहास उंच करते. वाणीची उंची मात्र आचरणावर अवलंबून असते. नाताळच्या या पर्वात, याच सत्याची साक्ष देणाऱ्या एका परदेशस्थ निरूपणकाराचे स्मरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काय मुंक हे त्यांचे नाव. डेन्मार्क देशातील मारिबो येथे १३ जानेवारी १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. मुंक नामक शेतकरी दांपत्याने त्यांस पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले. १९२४ साली ते पश्चिम जटलंडमधील व्हेडर्सो या लहानशा गावी लूथरपंथीय धर्मोपदेशक म्हणून आले, ते अखेरपर्यंत तेथेच राहिले.

लूथरपंथात रविवारच्या निरूपणाचे महत्त्व फार. स्वतः मार्टिन लूथर यांनी सोळाव्या शतकात शुभवर्तमानाच्या नेमलेल्या पाठांवर चिंतने लिहून ती सामान्य उपदेशकांच्या हाती दिली. पाठ नेमलेला असल्याने उपदेशकास आपल्या सोयीचा उतारा निवडता येत नाही. वरवर हे बंधन वाटते. वस्तुतः मर्म त्यातच आहे. नाताळच्या आनंदातही हेरोद राजाने केलेल्या बालहत्येची कथा वाचावी लागते. ती वाचून झाल्यावर जुलमाविषयी मौन कसे पाळावे?

मुंक निर्दोष होते, असे आम्ही म्हणणार नाही. एके काळी हिटलर-मुसोलिनींच्या सामर्थ्याची त्यांस भुरळ पडली होती. परंतु चूक उमगल्यावर ती कवटाळून बसणारा हा पुरुष नव्हे. १९३८ साली ज्यूंच्या छळाविरुद्ध त्यांनी मुसोलिनीस उद्देशून जाहीर पत्र लिहिले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापला, तेव्हा त्यांची वाणी अधिकच प्रखर झाली. १९४२ मध्ये त्यांनी परकीय जुलमी सत्ताधीशाचा वध करणाऱ्या नील्स एब्बेसन या जुन्या वीरावर नाटक लिहिले. मनाई असताही डिसेंबर १९४३ मध्ये कोपनहेगनच्या मुख्य प्रार्थनामंदिरात त्यांनी प्रवचन केले.

१ जानेवारी १९४४ चा प्रसंग तर अंतःकरणात कोरून ठेवावा असा आहे. गावातील काही जण शत्रूच्या कामावर गेल्याचे त्यांस कळले होते. त्या दिवशी त्यांनी उपासनेची वस्त्रे धारण केली नाहीत. ते वेदीपाशी गेले नाहीत, व्यासपीठावर चढले नाहीत. साधा कोट अंगावर घालून मंडळींच्या पातळीवर जमिनीवर उभे राहिले आणि तेथूनच बोलले.

याचे मोल निरूपण करणाराच जाणेल. श्रोत्यांस दुखवू नये, हा मोह आम्हांसही नित्य ग्रासतो. ज्यांच्यामध्ये जन्म काढला, त्यांस त्यांचा दोष सांगणे हे शत्रूस ललकारण्याहून कठीण होय.

तीनच दिवसांनी, ४ जानेवारीच्या रात्री, गेस्टापोच्या माणसांनी त्यांस घरातून नेले व गोळ्या घातल्या. सिल्केबोर्गनजीक रस्त्याकडेला त्यांचा देह सापडला. तेथे आज क्रूस उभा आहे.

उपासनेच्या वाटा भिन्न असोत; परंतु रविवारी वाचलेला पाठ सोमवारी जगावा लागतो, हे सर्वत्र सारखेच. मुंक यांनी तो जगून दाखविला. पर्वकाळी आपणही आपल्या नित्यपाठाकडे याच दृष्टीने पाहावे, इतकीच आमची विनंती.